बैलाचे पाय चिखलात

"त्याला चिखलातून बाहेर काढा, मला पाय बघायचेत!" ढोरांचे डॉक्टर बांधावरून तिसऱ्यांदा ओरडले. कर्जतहून सायकल मारत ते कळंबच्या आमच्या शेतापर्यंत आले होते. सासरे मात्र गुडघाभर चिखलात, बैलाच्या मानेला मिठी मारून उभे.

"पायांना काय धाड भरलीय? देवळाचे खांब हायत. तुमी तोंड बघा."

तोंड तर सगळ्या गावानं बघितलं होतं. लाळ एवढी गळत होती, की उल्हास नदीला त्या साली आलेला पूर पावसाचा नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगते. जिभेवरचे फोड फुटून साल निघालेली. कोवळं गवत दिलं तरी बैल मान फिरवायचा. भातलावणीआधीची चिखलणी अर्ध्यावर होती. हा बैल गेला तर त्याच्या जागी मलाच जुंपणार, याबद्दल घरात कुणाला शंका नव्हती.

डॉक्टरांनी बांधावरूनच ओणवून तोंड तपासलं. "पाय खरंच चांगले असतील तर ही बुळकांडी," ते हळूच म्हणाले. बुळकांडी म्हणजे गोठेच्या गोठे रिकामे करणारा रोग. सासऱ्यांना वाटलं, पायांची स्तुतीच कमी पडली. परवाच बैल दोन ढांगांत माथेरान चढून आला, असं त्यांनी ठोकून दिलं. डॉक्टरांचा चेहरा आणखी उतरला.

मी नवी सून, भाकरीचं फडकं घेऊन बांधावर उभी. सासऱ्यांपुढं बोलायची सोय नव्हती. पण जुंपून घेण्यापेक्षा बोललेलं बरं.

"डाक्तरसाहेब, कालपासनं लंगडतोय. खुरांच्या बेचक्यात फोड हायत."

सासऱ्यांनी असं बघितलं, की फडक्यातली भाकरी पुन्हा भाजली गेली. डॉक्टरांनी मात्र बुटांसकट चिखलात उडी घेतली, खूर धुऊन बघितला आणि सासऱ्यांनाच मिठी मारली. लाळ्या-खुरकत! ती तोंड आणि पाय दोन्ही धरते, पण मोठं जनावर सहसा वाचतं. जांभळ्या औषधानं धुवा, नाचणीची आंबील पाजा, बाकीच्या ढोरांपासून लांब बांधा. सासरे चिखलात मटकन बसले, त्यांना बैलानंच चाटून उठवलं.

नंतर बूट पालथे करताना डॉक्टरांनी विचारलं, "पण पाय लपवलेत कशाला?"

सासरे म्हणाले, "बोलावणं एका रोगाचं व्हतं. दोन बघून तुमी आल्या वाटेनं गेला असता."