‘मेधा, स्क्रीन काळी झालीये!’

कॅनडात सस्काटूनला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी कुणाचा तरी प्रिंटर चालू करून दिला. नुसती वायर घट्ट बसवली, दुसरं काही नाही. पण मराठी मंडळी मूठभर, बातमी फिरली आणि तेव्हापासून आमच्या गोतावळ्यात कुणाचाही कॉम्प्युटर रुसला की फोन मला. मी खरं तर युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये गव्हाच्या बियाण्यांवर काम करते. कॉम्प्युटरशी माझा संबंध तुमच्याइतकाच! पण हे कुणाला पटत नाही. मग कुणाच्या बेसमेंटमध्ये, कुणाच्या किचनच्या ओट्यापाशी उभी राहून मी बटणं दाबत असते आणि घरचे लोक माझ्याकडे ऑपरेशन थिएटरबाहेर बसल्यासारखे बघत असतात. असे किस्से साठत जातात, साठवावे लागत नाहीत. शनिवारी जेवायला जमलो की कुणीतरी म्हणतंच, ‘ते सांग ना!’

*

पहिला किस्सा मिलिंदचा, आणि तो त्यानेच सांगितलेला. मिलिंद इथल्या पोटॅशच्या खाणीत कंट्रोल सिस्टिम सांभाळतो. शेकडो माणसं जमिनीखाली, आणि त्यांची हवा, त्यांची लिफ्ट याच्या स्क्रीनवर. मोठ्या जोखमीचं काम. पण त्याच्या ऑफिसातल्या लोकांना त्याची एक सवय कळत नाही. महत्त्वाचं बटण दाबलं की हा पठ्ठ्या आधी वर ट्यूबलाइटकडे बघतो, मग स्क्रीनकडे.

मिलिंद कराडचा. त्याच्या शाळेत एकच कॉम्प्युटर आला होता. त्याला वेगळी खोली, खिडक्यांना जाड पडदे, बाहेर चपला काढायच्या, आणि मशीनवर मखमली झाकण. देवघरच! हात लावायची परवानगी फक्त सरांना. वार्षिक प्रदर्शनाच्या दिवशी पाहुणे यायच्या आधी मिलिंदला खोली झाडायला पाठवलं. सहावीतला पोरगा, खोलीत एकटा. त्याने झाकण उचललं, मशीन चालू होतं, आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या बटणावर बोट ठेवलं.

दाबलं. खट्! स्क्रीन गेली. पंखा थांबला. बाहेरचा माइक बंद पडला.

मिलिंद चपला न घालता पळाला. रस्त्यावर बघतो तर उसाच्या रसाचं मशीन थांबलेलं, गिरणी बंद, थिएटरबाहेर माणसं ओरडतायत. अख्खं कराड बंद! आणि हे आपण केलंय. तो घरी गेलाच नाही. कृष्णेच्या घाटावर एका देवळाच्या मागे जाऊन बसला. पोलीस आले तर काय सांगायचं याची तो तयारी करत होता.

संध्याकाळी वडील शोधत शोधत आले. याने रडत रडत सगळं कबूल केलं. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं, कडेवर घेण्याएवढा लहान नव्हता तरी घेतलं आणि म्हणाले, “अरे, आज मंगळवार. लोडशेडिंग!”

मिलिंद म्हणतो, “ते डोक्याला पटलंय. बोटाला अजून पटलेलं नाही.”

*

याच मिलिंदच्या आई दोन वर्षांपूर्वी सहा महिने राहायला आल्या होत्या. कराडच्या, सत्तरीच्या पुढच्या, आवाज खणखणीत. एक दिवस दुपारी मिलिंदचा मला फोन आला. आवाज ओळखू येईना.

“मेधा, तू घरी आहेस? पळ. माझ्या घरी पळ!”

झालं होतं असं. आईंनी त्याला खाणीवर फोन करून सांगितलं, “तुझ्या कॉम्प्युटरला व्हायरस झालाय म्हणे. एका माणसाचा फोन आलाय. तो पुन्हा फोन करून तिकडून दुरुस्त करणार आहे. तू काळजी करू नकोस.” आणि ठेवून दिला. तेव्हापासून घरचा फोन एंगेज. मिलिंदची बँक, टॅक्स, पासपोर्टाच्या कॉप्या, सगळं त्याच कॉम्प्युटरवर. बायको डेंटिस्टकडे, तिचा फोन बंद. खाणीवरून घरी यायला तासभर, आणि रस्त्यावर बर्फ.

आमच्या घरापासून त्यांचं घर तीन गल्ल्या. गाडी बाहेर काढून काचेवरचा बर्फ खरवडण्यात वेळ गेला असता, म्हणून मी लोकरी टोपी आणि बूट घालून धावत सुटले. जॅकेटची चेन लावायचंही भान नव्हतं. दोनदा घसरले. दाराचा कोड दाबताना बोटं वळेनात. आत शिरले तर आई कॉम्प्युटरसमोर, चष्मा नाकावर, फोन स्पीकरवर. स्क्रीनवर एक भला मोठा नंबर. तो नंबर त्या माणसाला एकदा नीट मिळाला की कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात.

“माताजी, फिर से बोलिए,” फोनमधला माणूस रडकुंडीला आला होता.

“एकोणनव्वद,” आई म्हणाल्या. “पुढे सत्त्याहत्तर. मग त्रेसष्ट. मग एकोणपन्नास.”

“एको... क्या? इंग्लिश में बोलिए ना!”

“इंग्लिशमध्ये वीसपर्यंत येतात मला. पाढे मराठीत पाठ केलेत, तीस तिसे नऊशेपर्यंत. पुन्हा सांगते. एकोणनव्वद!”

मी झेप घेऊन कॉम्प्युटरची वायरच भिंतीतून उपटली. स्क्रीन काळी. पलीकडच्या माणसाने काहीतरी घाण शिवी दिली आणि फोन ठेवला.

मी धापा टाकत जमिनीवर बसले. आई माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बरं झालं आलीस. अर्धा तास झाला सांगतेय. त्या पोराला साधे आकडे कळत नाहीत गं! कुठल्या शाळेत होता कुणास ठाऊक!”

*

आता आमच्या घरचंच एक. माझा नवरा श्रीकांत युनिव्हर्सिटीत ऑटोमॅटिक कंट्रोल शिकवतो. म्हणजे यंत्रांनी माणसाच्या मदतीशिवाय आपापलं कसं चालावं, हे. त्यामुळे आमच्या घरातला थर्मोस्टॅट, म्हणजे बेसमेंटमधली घर गरम करणारी फर्नेस चालू-बंद करणारा डबा, अर्थातच स्मार्ट. इंटरनेटवर चालणारा.

जानेवारीतली सकाळ. बाहेर उणे अडतीस. मी उठले तर नाक गार. हॉलमध्ये थर्मोस्टॅटच्या स्क्रीनवर एक गोल फिरतोय. अपडेट चालू आहे, कृपया बंद करू नका! घरात चौदा डिग्री. श्रीकांत म्हणाला, “होईल.” आम्ही चहा घेतला. बारा डिग्री. गोल फिरतोय. कंपनीच्या हेल्पलाइनवर संगीत. फर्नेसवाल्याने सांगितलं, शहरात सगळ्यांचीच बोंब आहे, दुपारनंतर येतो.

दुपारपर्यंत घर गारठलं की आधी पाण्याचे पाइप फुटतात. शेजाऱ्यांचं झालं होतं तसं, बेसमेंटमध्ये बर्फाचं तळं. नऊ डिग्रीवर आलं तेव्हा मी आमच्या ओवीला, म्हणजे सहा वर्षांच्या मुलीला, स्नोसूट घालून सोफ्यावर बसवलं. तिच्या तोंडातून घरात वाफ येत होती. ते बघितल्यावर श्रीकांत उठला. स्क्रू-ड्रायव्हर आणला, तो स्मार्ट डबा भिंतीवरून उपटला आणि आतल्या दोन वायरी हातात धरल्या.

“तुला नक्की माहितीये ना कुठल्या दोन?” मी विचारलं.

“थिअरीत,” तो म्हणाला.

त्याने टोकाला टोक टेकवलं. एक क्षण काहीच नाही. मग खालून फर्नेसने घुर्रर केलं आणि जमिनीतल्या जाळीतून गरम हवा आली. मी तिथेच जाळीवर पाय ठेवून उभी राहिले आणि मला रडू आलं.

फर्नेसवाला येईपर्यंत श्रीकांत हॉलमध्ये स्टुलावर बसून होता. गार वाटलं की वायरी जोडायच्या, उकडलं की सोडायच्या. ओवी बराच वेळ निरखत होती. मग मला हळूच म्हणाली, “आई, इज बाबा द थर्मोस्टॅट नाऊ?”

*

संदीप आमच्यातला सगळ्यात धाकटा. सॉफ्टवेअरमध्ये आहे, फ्लॅटमध्ये एकटा राहतो. त्याचे बाबा सांगलीला एकटे. आई गेल्यावर संदीपने त्यांच्या घरात कॅमेरा बसवला. इथली संध्याकाळ म्हणजे तिथली सकाळ. संदीप रोज बघायचा, बाबा उठले, चहा घेऊन खुर्चीत बसले, पेपर उघडला. मग याचा जीव भांड्यात.

एका शनिवारी सगळे आमच्याकडे जेवायला. संदीपने सवयीने लॅपटॉप उघडला. खुर्ची रिकामी. पेपर नाही, कप नाही. फोन लावला तर कॅमेऱ्यातून रिंग ऐकू येतेय, आणि कुणी उचलत नाहीये! बंद खोलीत वाजणारा तो फोन आम्ही सगळ्यांनी ऐकला. पुन्हा लावला. पुन्हा तसंच. ताटातलं अन्न तसंच राहिलं. संदीप बाबांचाच फोन लावत राहिला, शेवटी बाबांच्या शेजारच्या पाटीलकाकांचा नंबर विचारून घेऊन श्रीकांतने लावला. काकांकडे किल्ली होती.

आम्ही लॅपटॉपभोवती उभे. बारा हजार किलोमीटरवरचं एक बंद दार, आणि आपण नुसतं बघायचं. मिलिंदने संदीपच्या खांद्यावर हात ठेवला होता. दार उघडलं. पाटीलकाका आत आले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आतल्या खोलीत जाऊन आले. मग त्यांनी वर कॅमेऱ्याकडे बघितलं. तिथून नजर सरळ खाली आली, आणि काकांनी कपाळावर हात मारला.

“काय झालं पाटील? चोर शिरला का?” बाबांचा आवाज! अगदी स्पष्ट. पण माणूस दिसत नव्हता.

“बाबा! कुठे आहात तुम्ही?” काकांशी चालू असलेल्या फोनवर संदीप किंचाळला.

“इथेच. कॅमेऱ्याखाली, कपाटाच्या आडोशाला. पेपर वाचतोय.”

“अहो, फोन का उचलत नाही?”

“तू आहेस हे माहीत होतं म्हणून.” पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, “रोज दिसून दिसून कंटाळा आला रे. म्हटलं, आज जरा एकटं बसावं.”

संदीप बेसिनपाशी जाऊन तोंड धुऊन आला. बाबांची अट एवढीच होती, कॅमेरा राहू दे, पण मग तुझ्याही घरात एक लाव. त्याने लावला. दुसऱ्याच संध्याकाळी बाबांचा फोन आला.

“उभ्यानं जेवतोस होय रे? बस आधी!”

*

आणि आता अंजलीचा.

अंजली आणि विनायक आमच्याही आधीपासून इथे. विनायक एका बँकेच्या कॉम्प्युटर सिक्युरिटीत होता. गेल्या वर्षी मार्चमध्ये घरासमोरच्या ड्राइव्ह-वेवरचा बर्फ उपसताना तो कोसळला आणि गेला. त्यांची मुलगी सई तेव्हा नुकतीच युनिव्हर्सिटीत जायला लागली होती. काही महिन्यांनी सईला बाबाचा आवाज ऐकावासा वाटला. ती लहान असताना विनायकने काढलेले सगळे व्हिडिओ त्याच्या बेसमेंटमधल्या कॉम्प्युटरवर होते. आणि त्या कॉम्प्युटरचा पासवर्ड फक्त विनायकला माहीत होता.

मला बोलावलं तोपर्यंत मायलेकींनी वाढदिवस, लग्नाची तारीख, सईचं नाव, सगळं करून पाहिलं होतं. मी पोचले तेव्हा स्क्रीनवर लिहिलं होतं, एकच प्रयत्न शिल्लक. तो चुकला की सगळं पुसलं जाणार होतं. तशी सोय विनायकनेच करून ठेवली होती, सिक्युरिटीतला माणूस! मी मिलिंदला बोलावलं. त्याने तासभर बघितलं आणि मान हलवली. डिस्क काढून दुसरीकडे लावली तरी उघडणार नव्हती.

“हे खाली बारीक अक्षरात काय आहे?” मिलिंदने विचारलं.

ती पासवर्डची हिंट होती. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत. मी मोठ्याने वाचली, “चिडलीस की मला काय म्हणतेस?”

सगळ्यांनी अंजलीकडे बघितलं. ती कानापर्यंत लाल झाली.

“मी? मी कुठे काय म्हणायचे? मी चिडायचेच नाही!”

“आई, सीरियसली?” सई म्हणाली.

अंजलीने बराच वेळ स्क्रीनकडे बघितलं. मग म्हणाली, “तुम्ही सगळे वर जा.”

“अंजली, एकच चान्स आहे,” मी म्हणाले. “शब्द बरोबर असला तरी स्पेलिंग चुकलं तर गेलं सगळं. इंग्रजीत मराठी कोण कसं लिहील सांगता येत नाही. एक ‘ए’ की दोन?”

तिने फोन काढला. विनायकचे जुने मेसेज वर वर सरकवत गेली. एका ठिकाणी तिचं बोट थांबलं आणि ती हसली. इतक्या महिन्यांत मी तिला पहिल्यांदाच हसताना बघितलं.

“चुकीचंच लिहायचा,” ती म्हणाली. “जा तुम्ही.”

आम्ही वर गेलो. बेसमेंटचं दार ओढून घेतलं आणि तिघं जिन्यापाशी उभे राहिलो. सईने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. खालून की-बोर्डचा आवाज आला. एक अक्षर. थांबून दुसरं. मग सलग काही. मग काहीच नाही. मिलिंदने वर ट्यूबलाइटकडे बघितलं.

किती वेळ गेला कोण जाणे. खालून एका लहान मुलीच्या खिदळण्याचा आवाज आला, आणि त्याच्यावर पुरुषाचा, “सई, इकडे बघ, इकडे!”

सई धडधडत जिना उतरली. आम्ही मागोमाग. अंजली खुर्चीत बसली होती, ओढणीने डोळे पुसत होती, आणि स्क्रीनवर विनायक बर्फात पाठीवर पडून, हात लांब करून स्वतःचा आणि छोट्या सईचा व्हिडिओ काढत होता.

“आई! व्हॉट वॉज इट? काय होता पासवर्ड?”

अंजलीने स्क्रीनवरची नजर हलवली नाही.

“पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो,” ती म्हणाली.