भाऊंचे मोहरीएवढे दिवे

खुर्चीवरून न उठता हजारो विमानं सुखरूप उतरवणारा मराठी माणूस कलकत्त्यात एकच होऊन गेला, आणि तो आमच्या नात्यातला होता. नातं म्हणजे आमच्या हिच्या मावसभावाचे साडू. एवढं लांबलचक नातं रोज कोण उच्चारणार, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणे. सत्तरच्या आसपासची गोष्ट. वैमानिकांना शिकवणाऱ्या एका केंद्रात भाऊ नोकरीला होते. तिथे एका खोलीत विमानाचं नुसतं नाक होतं, त्यात वैमानिक बसे. शेजारच्या खोलीत विमानतळाचा भिंतभर उभा देखावा होता आणि त्यावरून सरकणाऱ्या कॅमेऱ्याचं चित्र वैमानिकाला समोर दिसे. धावपट्टीच्या अलीकडे शेतांतून दिव्यांची जी रांग असते, ती या देखाव्यात हुबेहूब उतरवायची हे भाऊंचं काम. दिवे मोहरीएवढे, पण भाऊंना त्यापुढे संसार दिसत नसे.

खरी रांग मोजायला ते छत्री घेऊन कुंपणाबाहेरून, तळ्यांच्या काठाकाठाने पावलं टाकत चालत. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने हात जोडून विचारलं, "बाबू, जोमी नेबेन ना तो?" जमीन कशाला घेऊ, म्हणून त्याची समजूत घालण्यात भाऊंचा आकडा चुकला आणि ते पुन्हा पहिल्या दिव्यापासून निघाले. मंडळाच्या गणपतीची रोषणाई एकदा त्यांच्याकडे दिली, तर दारापासून मूर्तीपर्यंत दिव्यांची सरळ रांग! आरतीला तिरप्या येणाऱ्या एका बाईंना त्यांनी अदबीने सांगितलं, "जरा डावीकडे घ्या, तुम्ही रेषेबाहेर आहात." हसून आमची मुरकुंडी वळली, भाऊ मात्र गंभीर होते.

मग एक ज्येष्ठ कॅप्टन तपासणीला आले. त्यांनी पसंती दिली नाही, तर देखावा मोडीत निघणार होता आणि भाऊ पुन्हा फायलींत जाणार होते. कॅप्टन त्या नाकात बसून देखाव्यावर उतरले आणि म्हणाले, "सगळं बरोबर आहे, पण हे कलकत्ता नव्हे." आठवड्याची मुदत मिळाली. भाऊंचं जेवण सुटलं. त्यांनी सारं पुन्हा मोजलं. एक दिवाही चुकला नव्हता. पाचव्या दिवशी तिन्हीसांजेला आमच्या गच्चीवर बसले होते. खाली घरोघर कोळशाच्या शेगड्या पेटल्या आणि धुराचा निळसर थर गल्लीवर पसरला. समोरचे दिवे मऊ झाले. भाऊ ताडकन उठले. "अहो, मी धूर विसरलो!" दुसऱ्या दिवशी वहिनींच्या जुन्या, धुऊन विरलेल्या साडीचा तुकडा कॅमेऱ्याच्या भिंगापुढे लागला. कॅप्टन पुन्हा उतरले आणि म्हणाले, "आता घरी आलो."

खूश होऊन त्यांनी भाऊंना खऱ्या विमानात आपल्यामागे बसवून न्यायचं कबूल केलं. भाऊ जन्मात विमानात बसले नव्हते. चष्म्यापायी तरुणपणीच वैमानिकीतून बाद झालेले. तरी त्यांनी नाही म्हटलं. मला भारी राग आला. तेव्हा हळूच म्हणाले, "रोज उतरतो हो मी तिथे. खरं वेगळं निघालं, तर मी इतकी वर्षं कुठे उतरत होतो?"

पुढे कचेरीच्या कामाने मला विमानाने मुंबईला जाऊन यायचं होतं. निघताना भाऊ दारापर्यंत आले. "येताना तेवढे दिवे बघा. रांगेत मध्येच दिव्यांची आडवी पट्टी येते ना, ती बघा." परतताना संध्याकाळ होती, खाली धूर होता. मी काचेला नाक लावून बसलो. विमान खाली आलं, एक तळं गेलं, काही छपरं गेली, आणि चाकं टेकली. समोरचं दिसतं ते वैमानिकाला. माझ्या खिडकीतून एकही दिवा दिसला नाही. घरी आलो तर भाऊ आधीच येऊन बसलेले. चहा तसाच गार झालेला.

"कसे होते?"

"हुबेहूब," मी म्हणालो. "तुमचेच."

प्रवाशाला खिडकीतून काय दिसतं आणि काय नाही, हे त्या माणसाइतकं कलकत्त्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी माझा हात हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला, आणि आडव्या पट्टीबद्दल काहीसुद्धा विचारलं नाही.