टोपलीतला चष्मा

आमची मावशी शिवणकाम करते. कपडा उलटा करून शिवण बघितल्याशिवाय ती तो कुणाच्या हातात देत नाही. त्या रविवारी मात्र ती फसली. चर्चमध्ये रोग बरे करणारा एक पाहुणा उपदेशक आला आणि गरजला, "विश्वास असेल तर चष्मे या टोपलीत टाका, प्रभू दृष्टी देईल!" सगळ्यांनी टाकले, तिनेही टाकला.

मग बाकावर तिची नुसती चुळबुळ. गीतपुस्तकातली अक्षरं मुंग्यांसारखी वळवळत होती.

मी म्हटलं, "मावशी, जरा शांत बस ना."

"कशी बसू? दिसत मला नाही, आणि वर हा म्हणतो, तुमचाच विश्वास कमी पडतोय!"

तेवढ्यात उपदेशकाने वचन वाचायला बायबल उघडलं, खिशातून चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला.

मावशी ताडकन उठली. टोपली उचलून थेट त्याच्यापुढे धरली. "प्रभू दृष्टी देतो यावर माझा विश्वास आहे. तुमचा असेल, तर तुमचाही टाका."

सगळं चर्च उपदेशकाकडे बघू लागलं. त्याचा हात चष्म्याकडे गेला, आणि चष्मा नाकावर आणखी घट्ट बसवून खाली आला.