रांग भरा!

२७ जानेवारी. सकाळी धुकं, नऊनंतर ऊन, वारा गार. बँडाचे कोट धुवायला काढले. यंदा एक कोट धुवावा लागला नाही.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात जिमखान्याची परिचर आहे. बँडाची वाद्यं, पट्टे, टोप्या, कोट सगळं माझ्या ताब्यात. शिक्षण सातवी, पण रोज चार ओळी लिहायची सवय माझी मीच लावून घेतली. कॉलेज मला मावशी म्हणतं.

परेड झाली की कोट धुवायचे आणि धुण्याआधी खिसे तपासायचे. पूर्वी खिशांतून खर्र्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या पुड्या निघायच्या. बादलीतल्या पाण्याला सुपारीचा वास यायचा! मग एका वर्षी एका खिशातून केसांची पिन निघाली. पुढच्या वर्षी चार-पाच. आता पिनांची मूठ भरते आणि खर्रा औषधालाही सापडत नाही. बँड मुलांचा होता तो मुलींचा कसा झाला, हे कोणाला विचारायची मला गरज पडली नाही. बादलीतच दिसत होतं.

पिनांसारखेच किस्सेही साठत जातात. थोडे हसण्यासारखे आहेत, ते आधी सांगून टाकते.

*

गावंडे सर पोलीस बँडातून रिटायर होऊन आमच्याकडे शिकवायला आले तेव्हा बँडात सगळे पोट्टेच होते. मग प्राचार्यांना वाटलं, जमाना बदलला, पुढे एखादी मुलगी दिसली पाहिजे. त्यांनी सुनंदा नावाच्या मुलीला कॉलेजच्या नावाची पाटी दिली. पाटी धरून बँडाच्या पुढे चालायचं, एवढंच काम.

दोन-तीन दिवस सुनंदा चालली. मग एका सकाळी तिनं पाटी भिंतीला टेकवली आणि सरांपुढे येऊन उभी राहिली.

"काय झालं वं? जड होते का?" सरांनी विचारलं.

"जड नाही सर. वाजत नाही!"

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, जणू मीच शिकवून पाठवलं होतं. शेवटी म्हणाले, "निर्मलाबाई, हिले झांजा द्या. लवकर द्या, नाही तं ही माझ्याच डोक्यावर पाटी वाजवन!"

*

सुनंदाच्या मागून आणखी मुली आल्या. झांजांवरून साईड ड्रमवर गेल्या, ड्रमवरून ट्रम्पेटवर. कोट मात्र मुलांचेच होते. खांदे कोपराकडे उतरायचे, बाह्या बोटांवर यायच्या. नवे कोट शिवायचं ठरलं.

आमचे शिंपी चाचा सत्तरीचे. मुलींची मापं घ्यायची म्हटल्यावर भिंतीकडे तोंड करून बसले. "बाई, टेप तुम्ही लावा, आकडे बोला. मैं लिखता हूँ."

मी टेप लावली. मुलींना गुदगुल्या. एक हसली की सगळ्या हसायच्या. कोण किती इंच, माझं मलाच ऐकू येईना.

कोट शिवून आले. सगळे एकाच मापाचे!

"चाचा, हे काय केलं?"

"शोर बहोत था बाई. कुछ सुनाई नहीं दिया. मग विचार केला, तुम्ही समोर उभ्या आहात, तुमच्या अंगाले आलं तं सगळ्यांले येऊन जाईन!"

तेव्हापासून अख्खा बँड माझ्या मापाचा आहे. मुली आतून सेफ्टी पिना लावतात आणि उभ्या राहतात. बाहेरून कळत नाही.

*

गावंडे सरांचा एक नियम आहे. तो आधी सांगायला हवा होता.

एका ऑगस्टात रंगीत तालीम चालू होती. ऊन फार होतं. बासरीवाला एक मुलगा उभ्या उभ्या खाली पडला. बाजूचे दोघं त्याला उचलायला वाकले, तर सर ओरडले, "त्याले मावशी पाहतीन! तुमी रांग भरा!"

मी त्याला सावलीत ओढलं आणि तोंडावर पाणी मारलं. तोवर बाजूच्यांनी अर्धं अर्धं पाऊल सरकून त्याची जागा मिटवली होती. वाजवणं एका ठोक्यानंसुद्धा चुकलं नव्हतं.

तालीम संपल्यावर सरांनी सगळ्यांना समजावलं. "कोणी पडो, कोणी न येवो. पाहणाऱ्याले वाटलं पायजे का तो माणूस तिथं कधी नव्हताच. याले म्हणतात बँड."

तो मुलगा शुद्धीवर आला होता. माझ्या मांडीवरूनच म्हणाला, "मावशी, म्या खरंच नव्हतो का वं?"

सगळे हसले. तोही हसला.

*

मुलगे एकदम गेले नाहीत. पोलीस भरतीसाठी पहाटे धावायला लागले ते सकाळच्या तालमीला येईनासे झाले. काही अभ्यासिकेत बसले. काही पुण्याकडे कंपनीत लागले. प्रत्येक जाण्याला सर म्हणायचे, "रांग भरा." जागा मुलींनी भरली.

पण मुलीही टिकायच्या नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्ट्या झाल्या की दोन-तीन जणी परत यायच्याच नाहीत. जूनमध्ये कोणीतरी लग्नाचा फोटो दाखवायचं. सुनंदाचाही असाच दाखवला. त्यात ती ओळखू येत नव्हती.

"पोट्टे भरतीत जातात, पोट्ट्या लग्नात जातात," सर म्हणाले. "बँड कायचा, एसटी स्टँड हाय हा. अन् मी कंट्रोलर!"

शेवटी एकच मुलगा उरला. मूर्तिजापूरचा प्रफुल्ल. मुलींनी त्याचा जीव नकोसा केला. तो बाकावर बसला की, "दादा, लेडीज सीट हाय, उठा!" त्यानं गेल्या वर्षी बेस ड्रम मागितला. तो ढोल एका दणकट मुलीकडे होता आणि ती सोडेना. मग सरांनी त्याच्या हातात पाटी दिली.

"सर, मलेच काहून पाटी?" प्रफुल्ल रडकुंडीला आला.

मागून वैष्णवी म्हणाली, "अबे, एखादा पोट्टा पुढं दिसला पायजे ना!"

*

ही वैष्णवी तेल्हाऱ्याकडच्या एका खेड्यातली. घरी कपाशी. इथं होस्टेलवर राहायची. दुसऱ्या रांगेत मधोमध तिचा साईड ड्रम. कॉलेजात तिच्याइतका चांगला हात मी पाहिला नाही आणि मी पुष्कळ हात पाहिले. जेवायला बसली की ताटाच्या कडेवर बोटांनी वाजवायची. होस्टेलच्या बाई ओरडायच्या, "वैष्णवी, जेव तरी!" ती म्हणायची, "बाई, उजव्या हातानं जेवतो ना, डावा रिकामाच हाय!"

तिला पोलीस बँडात जायचं होतं. भरती निघते, त्यात वाजवून दाखवावं लागतं. गावंडे सरांनी त्यांच्या जुन्या साहेबांशी बोलून ठेवलं होतं. साहेब म्हणाले होते, सव्वीस जानेवारीच्या परेडला येतो, पोरीचा हात ऐकतो, दम असला तर भरतीपर्यंत मीच तयारी करून घेतो.

ऑक्टोबरात कॉलेजची शोभायात्रा निघाली. बँड पुढे होता. रस्त्याच्या कडेला एका पोट्ट्यानं मोबाईल काढला आणि सगळा बँड सोडून फक्त वैष्णवीला टिपलं. त्यावर सिनेमाचं गाणं चढवून रील टाकली. मुलींनी मला दाखवली. वैष्णवी हसत होती, हात चालत होते. ड्रम मात्र ऐकू येत नव्हता. नुसतं गाणं.

आठवड्याच्या आत ती रील तिच्या गावात पोचली.

*

तिचे वडील एसटीनं आले. होस्टेलवर न जाता सरळ मैदानावर आले आणि पायरीवर बसले. आमची तालीम चालू होती. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मी पाणी नेऊन दिलं.

"बाई, वाजवते चांगली पोट्टी," ते म्हणाले.

"मग?"

"मंग काय. गावातल्या हरेक मोबाईलमधी हाय ते. मी पानठेल्यापुढून चाललो का पोट्टे हातानं ड्रम वाजवून दाखवतात मले."

गावंडे सर आले. त्यांनी पोलीस बँडाचं सांगितलं, साहेबांचं सांगितलं, नोकरी कशी पक्की असते ते सांगितलं. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं.

"सर, आता तुमी पोरींवर वरडून राहिले होते, रांग भरा म्हणून. माह्या घरी हिच्या मागं अजून दोघी हायेत. हिचं नाव खराब झालं तं त्यायची रांग कोण भरन?"

सर त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

अकोल्याचं स्थळ आलं होतं. दुकान होतं, मुलगा बरा होता. निघताना वडील म्हणाले, "पाहुण्यायले सांगतो मी. सव्वीस जानेवारी तिची. तेवढं तं मीबी मागीन."

आणि त्यांनी खरंच मागितलं. बैठकीत सगळ्यांपुढे. वैष्णवीच्या सासूबाई हसून म्हणाल्या, "पाठवू ना! आमी काय जुन्या वळणाचे हाओत का?"

वैष्णवीनं येऊन मला हे सांगितलं, तेव्हा ती उड्या मारत होती.

*

डिसेंबरात अकोल्याला लग्न झालं. बँडाच्या सगळ्या मुली गेल्या, मी गेले, प्रफुल्लही गेला. वरातीचा बँड भाड्याचा, सगळे बाप्ये. त्यांचा ड्रमवाला ताल सोडून वाजवत होता. आमच्या मुली एकमेकींकडे बघून तोंडं वाकडी करत होत्या.

मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाटाच्या अलीकडे वैष्णवी मुंडावळ्या बांधून उभी. हातात हार. बाहेर तो ड्रमवाला अजून थांबला नव्हता. माझी नजर तिच्या बोटांवर गेली. हाराच्या आड दोन्ही हातांची बोटं चालत होती. त्याचा चुकलेला ताल ती आतल्या आत सरळ करत होती.

सासूबाईंनी शेजारणीला हळूच सांगितलं, "पाहा ना, कशी थरथरून राह्यली. भेली बिचारी!"

आमच्या मुलींना हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून हसल्या. जेवताना एकीनं तिला हे सांगितलं, तर वैष्णवीही हसली. मग म्हणाली, "मावशी, माह्या कोटाले इस्त्री करून ठेवजा. सव्वीसले स्टेडियमवरच येतो मी."

*

काल सव्वीस जानेवारी. मी तिचा कोट इस्त्री करून नेला होता. ड्रम पुसून, पट्टा आवळून नेला होता.

झेंडावंदन झालं. बँडांच्या संचलन स्पर्धेला वेळ होता. वैष्णवी आली नव्हती. तिचा मोबाईल बंद लागत होता. मुली म्हणाल्या, मावशी, सासूबाईंना लावा. मी लावला.

"बाई, पहिली संक्रांत हाय तिची," सासूबाई म्हणाल्या. "आज हळदीकुंकू ठेवलं. गल्लीतल्या बाया येतीन, अन् नवी सूनच घरी नाही. कसं दिसन ते?"

"पण तुम्ही बैठकीत कबूल केलं होतं."

"मंग नाही कोण म्हणते? पुढच्या वर्षी पाठवतो ना!"

त्यांच्या मागे घरात कुठेतरी स्टीलच्या ताटावर बोटं वाजत होती. भरभर, एका लयीत. सासूबाईंनी फोन तोंडापासून दूर धरून काहीतरी म्हटलं. ते वाजणं बंद झालं. मग फोनही बंद झाला.

मी मुलींना सांगितलं. एकीनं वैष्णवीचा ड्रम उचलून बाकावर ठेवला. मी त्याच्यावर कोट ठेवला.

आमचं नाव पुकारलं. बँड मैदानाच्या कडेला उभा राहिला. पुढे पाटी घेऊन प्रफुल्ल. दुसऱ्या रांगेत मधोमध एका माणसाची जागा रिकामी.

"रांग भरा!" गावंडे सर म्हणाले.

कोणी हललं नाही. सरांना वाटलं ऐकू गेलं नसेल.

"दुसरी रांग! रांग भरा!"

त्या जागेच्या उजवीकडची मुलगी समोर पाहत राहिली. डावीकडचीही. प्रफुल्लनं मान वळवून मागे पाहिलं आणि पुन्हा पुढे केली. सरांनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि मिटलं.

बेस ड्रमचा ठोका पडला. बँड निघाला.

मुलींनी चांगलं वाजवलं. पाय चुकला नाही, सूर चुकला नाही. कोपऱ्यावर रांगा वळल्या तेव्हा ती रिकामी जागाही त्यांच्याबरोबर वळली, तेवढीच रुंद. मंचापुढे आल्यावर सगळ्यांनी उजवीकडे पाहून सलामी दिली.

सरांचे जुने साहेब माझ्या पुढच्या खुर्चीवर होते. सर धापा टाकत त्यांच्याजवळ आले.

"गावंडे, तुमची ती पोरगी कोणती?" साहेबांनी विचारलं. "कुठं पाहू?"

सर म्हणाले, "दुसरी रांग, साहेब. मधात."

साहेब बँड नजरेआड होईपर्यंत तिकडे पाहत राहिले.

दुपारी निकाल लागला. परीक्षकांनी वादनाचे गुण पूर्ण दिले आणि रांग तुटलेली म्हणून संचलनाचे कापले. पाच बँड होते. आमचा नंबर पाचवा आला.