पहिल्या रोडग्याचा मान

आमच्या यांनी शंभर वर्षं जगायचं ठरवलं तेव्हा मला विचारलंसुद्धा नाही. भाजीत मीठ बरोबर आहे का, हे पहिला घास मी घेतल्याशिवाय ज्यांना कळत नाही, त्यांनी एवढा मोठा निर्णय एकट्यानं घेतला आणि सकाळी उठून मला जाहीर करून टाकला. "आजपासून माझा चहा नको टाकू."

मला वाटलं पोट बिघडलं असेल. पोट ठणठणीत होतं. बिघडला होता तो मोबाईल. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर हे दिवसभर त्या मोबाईलमध्ये एक गुळगुळीत चेहऱ्याचा बाबा बघायचे. साखर विष, मैदा विष, तळलेलं विष आणि सूर्य मावळल्यावर खाल्लेला घास तर महाविष, असं तो हसत हसत सांगायचा. मी म्हटलं, "या हिशोबानं आपली अख्खी अमरावती केव्हाच गार व्हायले पाहिजे होती." यांना हसू आलं नाही. तिथंच मी चरकले, कारण माझ्या बोलण्याला न हसणारा हा माणूस माझ्या ओळखीचा नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, नवरा तब्येतीला जपतो तर बाईला काय त्रास? त्रास संध्याकाळचा होता. पोरं शिकून पुण्याकडे गेली तेव्हापासून आमचा एक नेम होता. ऊन उतरलं की हे स्कूटर काढायचे, मी मागं बसायची आणि आम्ही गिला वडा खायला जायचो. गरम वडे, वरून चटणी, सोबत तळलेली मिरची. शेवटचा वडा कोणाचा, यावर रोज भांडण. मग एक चहा दोघांत. दिवसभर आम्ही एकाच घरात असायचो खरे, पण बोलायचो ते तिथं, गाडीला टेकून, तोंड पोळत असताना. पोरांची काळजी, शेजारच्यांची उणीदुणी, ऑफिसातले जुने किस्से, सगळं तिथं निघायचं.

ते बंद झालं. दिवस मावळायच्या आत हे दुधीचं पाणी पिऊन मोकळे आणि मी देवापुढे दिवा लावून येईस्तोवर अंथरुणात. मी एकटीच टीव्हीसमोर खिचडी घेऊन बसायची. एकदा मी भडकलेच. "कायले एवढं करून राहिले तुमी?"

"तुझ्यासोबत जास्त वर्षं राहाले भेटावं म्हणून करून राहिलो ना, बाई."

"अन् आज? आज कुठं हाये तुमी माझ्यासोबत?"

"आज कुठं पळून चाललं काय? पाहू पुढं."

त्या 'पाहू पुढं'नं माझं डोकं फिरायचं, आणि डोकं फिरून झालं की सरळ सरळ रडू यायचं. मला माझा माणूस परत पाहिजे होता. शंभर वर्षांचा नको होता, संध्याकाळचा पाहिजे होता.

यांच्यापुढे एक जिवंत आदर्शही होता ना! अकोल्याचे काकाजी, म्हणजे माझे चुलत सासरे. नव्वदी ओलांडलेली, पाठ ताठ, चष्मा फक्त पेपर वाचायला. चाळिशीत असताना कुण्या वैद्यानं त्यांना सांगितलं होतं की तूप, गोड, तळण सोडाल तर शंभरी गाठाल. त्या दिवसापासून काकाजींनी सगळं सोडलं ते सोडलंच. लग्न असो, तेरवी असो, ते आपले ज्वारीची अर्धी भाकर आणि कोमट पाणी. हे त्यांचं नाव घ्यायचे ते कानाला हात लावून.

पण मला काकाजी आठवले की आधी काकू आठवायच्या.

काकाजींच्या शेतात दरवर्षी थंडीत रोडगे होतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जाड्या कणकेचे, आत तेल लावून पदर घातलेले गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकायची, मुठीनं फोडायचे आणि वरून तुपाची धार धरायची. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. हे सगळं रांधायचं पुरुषांनी, बायांनी त्या दिवशी नुसतं बसायचं. आमच्या घरात त्यात एक रीत आहे. पहिला रोडगा घरातल्या मोठ्या पुरुषानं फोडायचा, अर्धा आपण खायचा, अर्धा बायकोला द्यायचा. त्या दोघांनी घास घेतल्याशिवाय पंगतीत कोणी हात लावत नाही.

मी नवी सून म्हणून पहिल्यांदा गेले तेव्हा काकाजींनी रोडगा फोडला आणि अख्खाच काकूंच्या ताटात ठेवला. सगळी पंगत बघतेय आणि काकू मान खाली घालून एकट्या खातायत. खाता खाता हळूच म्हणाल्या, "यंदाचं तूप मस्त हाये, एक घास घ्या न जी." काकाजी म्हणाले, "पुढच्या साली पाहू." मग वर्षानुवर्षं मी तेच बघितलं. तेच ताट, तोच घास, तेच 'पुढच्या साली'. काकू गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

यंदा अकोल्याहून धाकट्या दिरांचा, म्हणजे काकाजींच्या मुलाचा, फोन आला. काकाजींच्या मुठीत आता जोर राहिला नाही, म्हणून पहिला रोडगा फोडायचा मान यांना. हे फुलून गेले. नवा सदरा काढला. मी मात्र फोन ठेवला आणि तशीच ओट्याशी उभी राहिले. आता त्या ताटावर मी बसणार होते. हे रोडगा फोडणार, अख्खा माझ्यापुढं सरकवणार, आणि मी मान खाली घालून एकटी खाणार. वाईट याचं वाटत होतं की यांना त्यात काही वाईट दिसतच नव्हतं.

निघताना बघते तर यांच्या पिशवीत डबा! उकडलेली मटकी आणि काकडी.

"रोडग्याच्या पंगतीले डबा घेऊन चालले तुमी? लोकं काय म्हणतील?"

"लोकं लवकर मरतात," हे म्हणाले.

एसटी मूर्तिजापूरला थांबली तेव्हा मी मुद्दाम खाली उतरून भजी घेतली आणि यांच्या नाकाजवळ धरून खाल्ली. यांनी खिशातून भिजवलेले बदाम काढले आणि खिडकीतून बाहेर तुरीची शेतं बघत बसले. बघता बघता नाकपुडी मात्र फुरफुरत होती, ते मी पाहिलं.

शेतात पोचलो तर नुसती धमाल. आंब्याखाली सतरंज्या, धुराचा खमंग वास, पोट्ट्यांचा गोंधळ, वरूडच्या पाहुण्यांनी आणलेली संत्र्यांची अख्खी पेटी उघडलेली. धाकटे दीर घामाघूम होऊन विस्तवाशी बसले होते. मला बघून ओरडले, "या वहिनी! आज तुमी फक्त हुकूम सोडायचा." मग त्यांची नजर यांच्या डब्यावर गेली. चिमटा तसाच हातात धरून त्यांनी विचारलं, "हे काय हाये, दादा?"

"माझं जेवन."

"अन् हे आमी सकाळपासून काय करून राहिलो? गोवऱ्या जाळून राहिलो काय फुकटच्या?"

सगळे हसले, पण दिराला लागलं होतं. आमच्याकडे माणूस पंगतीला उशिरा आला तर चालतो, भांडून आला तरी चालतो, पण डबा घेऊन आलेला मी याआधी पाहिला नव्हता. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

काकाजी बाजेवर उन्हात बसले होते. हे त्यांच्या पायाशी जाऊन बसले आणि शाळेतल्या पोरासारखं विचारू लागले. किती वाजता उठता, किती खाता, झोप कशी येते. मी मागंच उभी होते. काकाजींनी सगळी उत्तरं दिली आणि मग यांच्या डब्याकडे बोट दाखवलं.

"तू बी सुरू केलं काय हे?"

"हो जी. तुमच्यासारखं जगायचं म्हणतो."

"कायले?"

हे गडबडले. असा प्रश्न त्या मोबाईलवाल्या बाबाला कोणी कधी विचारला नसावा. "म्हणजे... जास्त दिवस भेटतात ना, काकाजी."

"भेटतात ना. भेटले मले," काकाजी म्हणाले. "लय भेटले. आता थे दिवस घेऊन मी या बाजेवर बसतो अन् दुपार काही सरत नाही. माझ्या बरोबरीचं कोनी राह्यलं नाही. तुझी काकू दरसाली म्हणे, एक घास घ्या. मी म्हणो, पुढच्या साली पाहू. मले वाटे, आपल्यापाशी साल लय हायेत." मग म्हणाले, "माह्यापाशी होते रे. तिच्यापाशी नव्हते."

माझे डोळे भरून आले आणि मी धुराला नावं ठेवत पदर लावला. तेवढ्यात विस्तवापासून दिरांनी हाळी दिली, "चला, बसा पंगतीले!"

पानं मांडली. आमच्या दोघांची पानं मधोमध. दिरांनी राख झटकून पहिला रोडगा फडक्यात गुंडाळून यांच्यापुढे ठेवला. यांनी मूठ मारली. तो काही फुटेना. पोट्टे खिदळायला लागले. कोणीतरी म्हणालं, "मटकी खाऊन कुठून फुटणार?" यांनी दात आवळून दुसरी मूठ घातली आणि रोडगा फाकला, आतून वाफ आली. दिरांनी वरून तुपाची धार सोडली, गूळ ठेवला.

मी मान खाली घातली. बघायचंच नव्हतं मला.

माझ्या पानात अर्धा रोडगा पडला. अर्धाच.

वर पाहते तर उरलेला अर्धा यांच्या हातात, बोटांवरून तूप कोपरापर्यंत ओघळतंय आणि हे माझ्याकडे बघतायत. "घे ना वं," म्हणाले, "मी कवाचा थांबून राहिलो." आणि एवढा मोठा घास तोंडात कोंबला की तोंड पोळून डोळ्यांतून पाणी आलं. हा हा हू हू करत तो माणूस चावत होता, आणि सगळी पंगत टाळ्या वाजवत होती, आणि मी हसतही होते आणि रडतही होते. सांगायला लाज कसली! मला माझा माणूस परत मिळाला होता, तोही तुपानं माखलेला.

पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. उठले, आपलं पान घेऊन बाजेजवळ गेले. रोडग्याचा मधला मऊ भाग वरणात कुस्करला, त्यावर तूप, त्यावर चिमूटभर गूळ, आणि घास काकाजींपुढे धरला. दीर धावतच आले. "दादा, नको! बाबांच्या पोटाले झेपायचं नाही."

"बिघडलं तर बिघडू दे," काकाजी म्हणाले. "पोट बी थकलं असन त्याच त्या भाकरीले."

त्यांनी तोंड उघडलं. दात नव्हतेच, पण घास वरणात विरघळलेला. ते बराच वेळ तो तोंडात घोळवत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले आणि अगदी हळू म्हणाले, "खरंच सांगे तुझी काकू. तूप मस्त हाये." आणि लगेच डोळे उघडून दिरावर खेकसले, "पाहून काय राहिला बे? वांग्याची भाजी आन!"

त्या दुपारी काकाजी पुरतं वाटीभर जेवले. यांच्या डब्यातली मटकी बैलाच्या पुढे गेली आणि त्यानंही एकदा हुंगून तोंड फिरवलं. दिरांचा राग तिथंच विरघळला.

हे आता अगदी सुधारले असं काही नाही. सकाळी चालायला जातात, जावं. साखर कमी घेतात, घ्यावी, माझीही काही हरकत नाही, मलाही हे पुष्कळ वर्षं पाहिजेच आहेत. पण ऊन उतरलं की अंगणात स्कूटरचा आवाज होतो. शेवटच्या वड्यावरून पुन्हा भांडण सुरू झालंय आणि त्यात मीच जिंकते.

रोडग्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याहून फोन आला तेव्हा मात्र आम्ही दोघंही घाबरलो. काकाजींचं पोट बिघडलं असणार, आता दीर बोलणार. यांनी भीत भीत फोन उचलला. पलीकडे खुद्द काकाजी होते, आवाज खणखणीत.

"रोडगे परत कवा करून राहिले?"

यांचा जीव भांड्यात पडला. "करू ना जी, काकाजी. पुढच्या साली..."

"पुढच्या सालीचं नाव काढू नको बे माह्यापाशी!" काकाजी एवढ्या जोरात ओरडले की मला ओट्यापाशी ऐकू आलं. "रविवारी करा. एवढी वाट पाहाले मले टाइम नाही."