फाटकापलीकडचं अर्धं पठार

डांबराचा शोध लागला नसता, तर माझे घरमालक हे पृथ्वीवरचे सर्वांत सुखी गृहस्थ झाले असते. आमच्या कारंजातून एवढा मोठा महामार्ग जातो, त्यावर ढाबे आहेत, ट्रक आहेत. पण काका, म्हणजे हे घरमालक, तो ओलांडतात ते सायकलवरून उतरून, खाली मान घालून, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातून चपला घालून जावं लागल्यासारखे. पलीकडे मुरमाची वाट लागली की त्यांची मान आपोआप वर होते. "डांबरावर नुसते पाय चालते, बाबू," ते मला सांगतात, "पांदनीवर डोकं चालते." पांदण म्हणजे वावरावावरांमधून जाणारी बैलगाडीची वाट. काका जन्मभर सरकारी मोजणीदार होते, लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजून देत फिरले, आणि निवृत्तीनंतर त्यांनी एकच ध्यास घेतला: कारंजाच्या वरचं पठार या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलनं पार करायचं, आणि डांबराला चाक लावायचं नाही.

मी त्यांच्याकडे खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझा पगार विचारला नाही, जात विचारली नाही, लग्नाचं विचारलं नाही. "सायकल येते का?" एवढंच विचारलं. मी जरा दुखावलो. माझे वडील समुद्रपूरकडे भाजीपाला पिकवतात. वांग्यांची पोती बांधलेली सायकल ढकलत मी शाळा केली आणि तिच्यावरूनच कॉलेज केलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. कॉलेजच्या ऑफिसात नोकरी लागली तेव्हा पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर हप्त्यावर मोटारसायकल घेतली. सायकल सुटावी म्हणून मी शिकलो, असं म्हटलं तरी चालेल. आणि दोन महिन्यांत काकांनी मला पुन्हा सायकलवर बसवलं. त्याबद्दल मी त्यांचा किती ऋणी आहे, हे माझ्या वडिलांना अजून नीट समजावून सांगता आलेलं नाही.

त्यांची सायकल काळी, बावीस इंची, आजोबांच्या काळातली वाटावी अशी. कॅरियरला खाकी पिशवी, तिच्यात पंक्चरचं सामान, एक लिंबू, आणि स्वतः काढलेले नकाशे. त्या नकाशांत किलोमीटर नाहीत. "इथे चिंच. सावली दोनपर्यंत." "इथे पिवळा कुत्रा. मागे लागतो, मग कंटाळतो." "इथे म्हातारी रस्ता चुकीचा सांगते, पण विचारावे. तिला बरे वाटते." वाट पाठ असली तरी प्रत्येक गावात थांबून ती विचारायचीच, हा त्यांचा नियम आहे. न विचारता गावातून जाणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं. परतल्यावर काकू त्यांच्या धोतराकडे बघून साबणाचं प्रमाण ठरवतात. काळ्या मातीला एक वडी, लाल मुरमाला अर्धी. "माया संसार यायनं मातीत घातला," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, पण रविवारी पहाटे भाकरी न सांगता बांधून ठेवतात.

एकदा आम्ही आठ किलोमीटरवरच्या लग्नाला निघालो. काकांनी पांदणीची वाट धरली, म्हणजे आठाचे वीस झाले. वाटेत गवळाऊ गाईंचा कळप आडवा आला, त्यांच्या गुराख्याशी बैलांच्या खांद्यांबद्दल चर्चा झाली, पुढे बाभळीच्या काट्यानं माझं मागचं चाक बसलं. आम्ही पोचलो तेव्हा नवरी सासरी गेली होती. मांडवात आचारी भांडी घासत होते, त्यांच्यासोबत आम्ही कढईतली उरलेली बुंदी खाल्ली. नवरीचे वडील हात जोडून म्हणाले, "काका, आता नातवाच्या बारशाले आजपासूनच निघा."

मग एका हिवाळ्यात नागपूरची डॉक्टर-इंजिनियर मंडळी जाड चाकांच्या सायकली घेऊन आमच्या दारात आली. त्यांना कुठूनतरी काकांच्या नकाशांचा पत्ता लागला होता. या सायकलींना 'ग्रॅव्हल बाइक' म्हणतात, या खडी-गिट्टीवर चालतात, असं त्यांनी सांगितलं. काकांनी आपल्या काळ्या सायकलीकडे बघितलं. "मंग आमची काय गादीवर चालते?" मंडळी हसली, जमिनीवर बसली, नकाशे बघून थक्क झाली. संक्रांतीनंतर सगळं पठार पार करायचं ठरलं, आणि काका हो म्हणून बसले.

मंडळी गेल्यावर काकांनी पठाराचा नकाशा पुन्हा उघडला. वाटेच्या लांबलचक रेघेत एक तुकडा पेन्सिलीनं काढलेला होता. तुकडा चारशे पावलांचा. तिथली पांदण एका संत्र्याच्या बगिच्यानं गिळली होती. तोंडाशी काटेरी झुडपं रचलेली. ती चुकवायची तर महामार्गावर उतरून ट्रकांच्या रांगेतून जावं लागणार, म्हणजे एवढ्या वर्षांची रेघ तुटली. आणि बगिच्याचा मालक काकांशी बोलत नव्हता. वीस वर्षांपूर्वी त्याच्या आणि शेजाऱ्याच्या भांडणात काकांनी मोजणी केली, धुरा, म्हणजे मधला बांध, सरकला, आणि याची दोन तासं, नांगराच्या दोन ओळींएवढी जमीन शेजाऱ्याकडे गेली. तेव्हापासून बाजारात काका दिसले की तो रस्ता बदलायचा.

माझा कागदावर फार विश्वास. पांदण सरकारी नकाशात होतीच. मी तहसीलदारांच्या नावे अर्ज टाइप केला, नकाशाची प्रत जोडली आणि सहीसाठी काकांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, माझी एक चूक सुधारली आणि परत दिला. "अर्ज चांगला आहे. पन अशानं वाट उघडते, मानूस नाई उघडत. मले त्याच्या वावरातून मान खाली घालून जाचं नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं बगिच्यावर गेलो. मालक विहिरीजवळ ठिबकच्या नळ्या धूत होता. त्यानं वर न बघताच विचारलं, "आज कोनाचं वावर मोजाले आले?"

"मोजाले नाई," काका म्हणाले, "मांगाले आलो. वाट पायजे."

"मले वाटलंच. पोरं सांगत होते, म्हातारा पांदन शोधून राह्यला म्हून."

"धुऱ्याचा राग अजून आहे का?"

तेव्हा त्यानं नळी खाली ठेवली. "धुऱ्याचा? धुरा तुमी बराबर टाकला. ते मलेबी तवाच समजलं होतं. पन त्या दिवशी कसं ऊन होतं! माया मायनं तुमच्यापुढं पान्याचा गडू आनून ठेवला. तुमी हात नाई लावला. पिशवीतून आपली बाटली काढली न पेले. माय मरेपर्यंत मले विचारे, काऊन रे, आपल्या घरात त्या साहेबाले काय खोट दिसली?"

काकांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. नोकरीत त्यांचा नेम होता, मोजणीच्या दिवशी कोणत्याच पक्षाच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही. एकाचं प्यालं तर दुसरा म्हणेल, साहेब फितला. हा नेम ते अभिमानानं पाळत आले होते. "त्या शेजाऱ्याच्या घरचंबी नाई पेलो मी," ते हळूच म्हणाले.

"थे मायले कोन सांगनार होतं?"

मग काका खाली बसले, चप्पल काढली आणि म्हणाले, "पानी आहे का, भाऊ?"

गडू आला. काका तो एका दमात प्यायले, पुन्हा मागितला, पुन्हा प्यायले. मग चहा आला, मग संत्री आली. पाचव्या संत्र्याला काकांनी हात जोडले तेव्हा मालक म्हणाला, "खा गुमान, वीस वर्साचं बाकी आहे." निघताना त्यानं झुडपं बाजूला ओढली. "इथं फाटक लावतो. नाईतर बकऱ्या घुसतेत. उघडून जाजो न लावून घेजो."

संक्रांतीनंतर नागपूरची मंडळी आली. काका सर्वांत पुढे होते, फाटकापर्यंत. तिथे मालकानं खाट टाकून ठेवली होती. "तुमी व्हा पुढं, मी आलोच," असं काकांनी आम्हाला सांगितलं. आम्ही पठाराचं दुसरं टोक गाठलं, सूर्य कलला, काका काही आले नाहीत. त्यानंतर दर रविवारी हेच झालं. मग त्यांचा गुडघा धरला, आणि डॉक्टरांनी बगिच्यापर्यंतचीच परवानगी दिली, तीही कुरकुरत. ज्या माणसानं ती रेघ इतक्या वर्षांत जोडली, त्यानं ती या टोकापासून त्या टोकापर्यंत अजून एकदाही पार केलेली नाही.

गेल्या रविवारी फाटकाशी मी धीर करून विचारलं, "काका, पुढचं अर्धं कधी?"

"आहे ना थे तिथंच," ते संत्रं सोलत म्हणाले. "पयून जाते का? तू ये जाऊन. चढावरची चिंच अजून आहे का, थेवढं पाहून ये."

खाटेवर काका आणि मालक यांचा वाद चालू झाला होता, मोजणीच्या त्या साली पाऊस आधी आला होता की नंतर. मी सायकल पलीकडे काढली आणि फाटक लावून घेतलं.