चुलत सासऱ्यांची चारित्र्यपडताळणी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या तमाम लग्नाळू तरुणांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते, की तुम्ही केलेले, न केलेले आणि तुमच्या नावाच्या भलत्याच कुणी केलेले सगळे गुन्हे कऱ्हाडजवळच्या एका गावात, एका घराच्या जिन्यावर, रोज सकाळी तपासले जातात. तपासणारे माझ्या बायकोचे चुलते. फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, आता घरचा ऊस बघणारे. जिन्यावर बसतात, कारण घरात रेंज येत नाही. आणि तपासतात, कारण त्यांची एकुलती एक लेक सुजाता, शाळेत विज्ञान शिकवणारी, चौतिशीची झाली तरी घरातच आहे. ती घरात का आहे, हे त्यांना सोडून साऱ्या गावाला ठाऊक आहे.

स्थळ आलं की पत्रिका बाजूला. कोर्टाच्या साइटवर आधी राज्य, मग जिल्हा, मग कोर्ट, मग नाव आणि साल. एकेका मुलाची पंधरा-पंधरा सालं ते पालथी घालत. सातारा संपला की सांगली, सांगली संपली की, मुलगा कधी तिकडे गेला असेल तर, म्हणून पुणे. तिथं ओळख पटवण्यासाठी काही वाकडीतिकडी अक्षरं ओळखून लिहावी लागतात. ती त्यांना दिसत नसत. मग त्या अक्षरांचा फोटो मला यायचा. मी आंघोळीतून धावत येऊन अक्षरं कळवेपर्यंत तिकडे दुसरीच अक्षरं उगवलेली असायची. "पाव्हणं, तुमी लय ढिलं," असा शेरा मात्र ताबडतोब पोचायचा.

मिरजेच्या दवाखान्यात नोकरी करणारा एक सज्जन मुलगा असाच हातचा गेला. त्याच्या नावावर पाण्याची मोटर चोरल्याचा खटला निघाला. मी दोन बस बदलून खात्री करून आलो. तो आरोपी सत्तरीचा होता. तोवर मिरजेच्या मुलाचं लग्न ठरलेलं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवाल्याच्या नावावर कुठंच काही सापडलं नाही, तर हे आणखी अस्वस्थ. "तिशी उलटली आन एकबी नोंद न्हाई? नाव बदललंय गड्यानं!" म्हसवडच्या मुलाचं नाव तर इतकं सर्रास होतं, की त्या नावाचे एकतीस खटले निघाले. ते सगळे त्यांनी वहीत उतरवले आणि त्याच्या बापाला फोनवर वाचून दाखवले. बापानं अकराव्या खटल्याला फोन ठेवला.

शेवटी ते पोलीस ठाण्यात गेले, मलाही नेलं. साऱ्या राज्याची, साऱ्या देशाची यादी दाखवा म्हणाले. हवालदारानं शांतपणे सांगितलं, "सुभेदार, ती यादी लोकांसाठी नसती. चारित्र्याचा दाखला ज्याचा त्यानंच अर्ज करून काढायचा. तुमचा पायजे तर काढा." ह्यांनी काढला. तो फ्रेम करून बैठकीत लावला. जावई मात्र नाहीच. मी आशा सोडली, बायकोनं सोडली. सुजातानं तर स्थळ आलं की साडी बदलायचंही सोडलं.

मग पलूसकडचा एक मुलगा आला. शेती करतो, थोडं तोतरं बोलतो. सुजातानं आतल्या खोलीत माझ्या बायकोला हळूच सांगितलं, "ताई, हा बरा वाटतोय." बारा वर्षांत पहिल्यांदा. मी बैठकीत येऊन देवाचं नाव घेतलं. तेवढ्यात त्या शहाण्यानं पोह्यांची बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "मामा, तुमी शोधायच्या आधी मीच सांगतो. माझ्यावर एक केस हाय. ऊसदराच्या आंदोलनात ट्रॅक्टरची हवा सोडली हुती."

झालं. मुलाचा बाप "आवं, तेवढं सोडलं तर..." म्हणत राहिला. चुलत सासरे उठले.

"केस म्हंजी केस," ते म्हणाले. पण आवाज कवायतीचा नव्हता. त्यांच्या थोरल्या बहिणीला चौकशी न करता दिली होती. नवऱ्याचं आधीच एक लग्न झालेलं निघालं. ती चार महिन्यांत परत आली आणि मरेपर्यंत याच बैठकीच्या कोपऱ्यात वाती वळत बसली. तिच्या लग्नाच्या वेळी हे सरहद्दीवर होते. हे सारं मला बायकोनं घरी परतताना सांगितलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं, की हा ताठ म्हातारा एकदम फार थकलाय. त्याला 'हो' म्हणायचंय आणि कसं म्हणतात हेच तो विसरलाय.

पाहुण्यांनी चपला शोधायला सुरुवात केली. तेवढ्यात दारात चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली सुजाता, जिचा आवाज आम्ही पाहण्याच्या कार्यक्रमात कधी ऐकलाच नव्हता, ओरडलीच:

"आप्पा, त्याच आंदोलनामुळं आपल्या उसाला दर वाढून मिळाला, तवा गावभर पेढं कुणी वाटलं हुतं?"